पाण्यात पडली ती

“लहानपणी मी तळ्यात बुडता बुडता वाचलेय,” किशोरी डॉक्टरांना म्हणाली, आणि तिची ओढणी नि पर्स धरून मागे उभ्या असलेल्या अनुयाला क्षणभर वाटलं, आपणच बोललो. वाक्य तिचंच होतं. ‘बुडता बुडता’वर थोडं थांबून मग ‘वाचलेय’ म्हणण्याची पद्धतसुद्धा तिचीच. किशोरी स्टुलावर बसली होती. कपाळावरचे केस घामाने चिकटले होते आणि सेंटरने दिलेल्या निळ्या झग्याची नाडी पाठीवर सुटली होती. मानेच्या मणक्याचा एमआरआय काढायचा होता. बरेच महिने तिची मान धरत होती, हाताला मुंग्या येत होत्या. रूपेशला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सुट्टी मिळाली नव्हती म्हणून अनुया सोबत आली होती. यंत्रात गेल्यावर लगेचच किशोरीने, घाबरलात तर दाबा म्हणून हातात दिलेला रबरी फुगा दाबला होता. त्यांनी बाहेर काढलं, पाणी दिलं, पुन्हा आत घातलं, तिने पुन्हा दाबला. मग डॉक्टर आले आणि त्यांनी विचारलं की बंद जागेची भीती वाटते का, पूर्वी कधी काही झालं होतं का. त्यावर किशोरीने हे सांगितलं. अनुया सहज म्हणाली, चुकीचा नंबर लागल्यावर फोनवर सांगतात तितक्या सहज, “अगं, ती मी. तळ्यात मी पडले होते.” किशोरीने मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळेना म्हणून सगळं अंगच वळवलं. बहिणीकडे पाहिलं. “हो,” ती म्हणाली. “ताईच पडली होती. मी आपलं ऐकून ऐकून.” आणि डॉक्टरांकडे बघून हसली. डॉक्टर म्हणाले, काही हरकत नाही, पुढच्या आठवड्यात या, थोडं औषध देऊ, हवं तर आत कुणाला तरी जवळ बसू देऊ. त्यांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला होता.

रिक्षात किशोरी भाज्यांच्या भावाबद्दल बोलत होती. अनुया ‘हं’ म्हणत होती. उरणनाक्याच्या आसपास रिक्षा अडकली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून त्या ‘हो’कडे बघत बसलो आहोत. इतक्या पटकन कुणी हो म्हणत नाही. माणूस आधी जरा गोंधळतो, अगं हो की, म्हणतो, कपाळावर हात मारून घेतो. किशोरी गोंधळली नव्हती. बसमध्ये कुणी मागायच्या आत आपली जागा सवयीने रिकामी करून देणारी माणसं असतात, तसा तो हो होता. बऱ्याच वर्षांची सवय असलेला. अनुयाला काही वाईट वाटलं नाही, भीती वाटली नाही. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर ओठ जागच्या जागी असतो, बोटाने चाचपता येतो, पण तो आपला वाटत नाही. तसं काहीतरी तिला बरगड्यांच्या खाली झालं, आणि किशोरीला तिच्या सोसायटीपाशी सोडून ती घरी आली, कुकर लावला, तरी ते उतरलं नाही.

ते तळं त्यांच्या जुन्या घरामागे होतं. आता तिथे फरशा बसवल्या आहेत, दिवे आहेत, संध्याकाळी लोक हात हलवत गोल गोल चालतात. तेव्हा नुसत्या दगडी पायऱ्या होत्या, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ, आणि कडेला एक वाकलेलं उंबराचं झाड. अनुयाची सगळ्यात लख्ख आठवण तिथली होती. पाय सटकतो. मग आवाज एकदम बंद होतो, जणू कुणी दार लावून घेतलं. सगळीकडे हिरवा उजेड, वरून खाली झिरपणारा, त्यात शेवाळाचे बारीक तुकडे सावकाश फिरताहेत. घाबरायला होत नाही. उलट फार शांत वाटतं. मग वेणीला हिसका बसतो, टाळूपर्यंत कळ जाते, आणि ती वर येते, आवाजात, उन्हात. शेजारच्या शोभाकाकूंनी वेणीला धरून ओढलं होतं. त्या कळेची जागा अनुयाला अजून दाखवता आली असती, उजव्या कानाच्या वर, चार बोटं मागे. तिथे कंगवा लागला की आजही हुळहुळायचं.

ही गोष्ट तिने किती जणांना सांगितली होती. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची, आणि दरवर्षी ‘स्व’वरचं प्रकरण आलं की पुस्तक मिटून टेबलाच्या कडेला टेकायची. पुस्तकात लिहिलेलं असायचं की माणूस स्वतःला आठवणींतून ओळखतो. काल झोपलेला तो आणि आज उठलेला तो एकच, हे त्याला आठवणींमुळे कळतं. माणूस आपल्याला आठवणाऱ्या गोष्टींची एक सलग हकीकत करून ठेवतो आणि त्या हकीकतीला मी म्हणतो. हे मुलांना कोरडं वाटायचं. म्हणून ती तळ्याचं सांगायची. सांगताना वर्गातली कुजबुज थांबायची. शेवटी ती म्हणायची, “त्या दिवसापासून मला ठाऊक आहे की मी तळाला जाऊन परत येणारी मुलगी आहे. पुढे आयुष्यात काहीही झालं तरी मी स्वतःला हेच सांगितलं.” आणि ते खोटं नव्हतं. वडील, नाना, अचानक गेले तेव्हा आईला सांभाळत सगळ्यांना फोन तिनेच केले. पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा दवाखान्यातल्या खाटेवर तिने डोळे मिटले आणि ती त्या हिरव्या शांततेत जाऊन पडून राहिली, आणि काही दिवसांनी उठली. लोक म्हणत, अनुयाचं मन खंबीर. तिला त्यात फारसं आश्चर्य वाटत नसे. बुडून वर आलेल्या माणसाचं मन आणखी कसं असणार.

किशोरी घाबरट होती. हेही घरात ठरलेलं होतं. न्हाताना डोळ्यांवर तांब्या ओतला की किंचाळायची. मोठी झाल्यावरही चेहऱ्याला साबण लावताना एक डोळा उघडा ठेवायची आणि तो चुरचुरत बाहेर यायची. पावसाळ्यात सगळी भावंडं गाढेश्वरला धबधब्यावर निघाली की ती पिशव्या सांभाळत काठावर बसायची. लिफ्ट नको, तळघरातलं दुकान नको. त्यावरून अनुया एक वाक्य बोलायची, कधीतरी शाळेत असल्यापासून, आणि ते इतकं हुकमी होतं की पाहुण्यांसमोरही बोललं जायचं. “बुडाले मी, आणि पाण्याला घाबरते ही.” सगळे हसायचे. किशोरीही हसायची. आता भेंडी चिरता चिरता अनुयाला आठवलं, आई हसायची नाही. आई उठून आत जायची. काहीतरी गॅसवर असायचं, किंवा असल्यासारखं दाखवायची. अनुयाला वाटायचं, त्या दिवसाची आठवण तिला सोसत नाही. विळीवर ती तशीच बसून राहिली. भेंडीचा चिकट धागा बोटापासून ताटापर्यंत लोंबत होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. नानाही नव्हते. दोघी बहिणींशिवाय त्या दिवशी तिथे असलेलं, आणि अजून जिवंत असलेलं, एकच माणूस होतं.

शोभाकाकू मुलाकडे खारघरला राहत. अनुया रविवारी दुपारी गेली. रिक्षावाला कोन गावचा होता. डावीकडे विमानतळासाठी फोडलेला डोंगर लाल दिसत होता. खारघरात शिरल्यावर तो म्हणाला, “मॅडम, फुडं रस्ता खोदलेला हाय. आमी बेलपाड्यातनं घेतो, चालंल ना?” ती म्हणाली, चालेल. काकू ऐंशी ओलांडलेल्या, पण ताठ बसलेल्या. तीस-पस्तीस वर्षं शाळेत शिकवल्याने आवाज अजून मोठा. सूनबाईने चहा आणि शंकरपाळे आणून ठेवले आणि ती बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेली. अनुयाला कसं विचारावं कळेना. तिने सरळच विचारलं.

“काकू, तळ्यात कोण पडलं होतं?”

काकूंनी कप खाली ठेवला. “म्हणजे?”

“मी की किशू?”

“किशोरी,” काकू म्हणाल्या. “तुला आईने कधीच सांगितलं नाही?”

“मला वेणी ओढल्याचं आठवतं. तुम्ही वेणी धरून ओढलंत.”

“किशूला कुठली वेणी. तिला टायफॉइड होऊन गेला होता, गोटा केला होता डोक्याचा. फ्रॉक धरून ओढली मी तिला. तो फाटलासुद्धा.”

अनुयाचा हात आपोआप उजव्या कानाच्या वर गेला. तिथे दुखत होतं. आता, या क्षणी, खरोखर दुखत होतं. स्वतःच्या केसांत बोटं घालून ती ते दुखणं चाचपत राहिली, आणि काकू सांगत राहिल्या. अनुयाला सगळं माहीत असेल, निदान मोठेपणी तरी आईने सांगितलं असेल, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. सकाळची वेळ होती. त्या पोळ्या लाटत होत्या. त्यांची शाळा दुपारची असायची. “तू दारात येऊन उभी राहिलीस. मी म्हटलं, काय गं अनू, तर बोलेनास. तोंड उघडत होतीस पण आवाज नाही. मी म्हटलं, काय नाटकं चाललीत, जा, आईला विचार. तर तू आत आलीस, माझ्या हातातलं लाटणं ओढलंस आणि पळालीस.”

“लाटणं?”

“लाटणं घेऊन. मी चिडले. तुझ्या मागे धावले, अनवाणी, पिठाचे हात. तू मागे वळून वळून बघत पळत होतीस, मी येतेय ना ते. थेट तळ्यापर्यंत. तिथे पायरीवर लाटणं टाकलंस आणि पाण्याकडे बोट दाखवलंस. पाण्यावर नुसता फ्रॉक दिसत होता, फुगलेला.” काकूंनी एक शंकरपाळा उचलला, खाल्ला नाही. “सात वर्षांची होतीस. हाक मारता येईना म्हणून लाटणं पळवायचं, हे कसं सुचलं तुला, देव जाणे. मी शाळेत कितीतरी मुलींना सांगितलंय हे. तुझं नाव न घेता.”

त्यानंतर अनुया बोलायची थांबली होती. किशोरी दोन दिवसांत खेळायला लागली, पण अनुया बोलेना. सांगितलेलं करायची, जेवायची, शाळेत नेऊन बसवलं की बसायची. डॉक्टरांनी सांगितलं, धक्का बसलाय, बोलेल. दिवाळी तशीच गेली. मग एके दिवशी जेवताना तिने घास तोंडात तसाच ठेवून विचारलं, आई, मी पाण्यात पडले होते ना? “आणि तुझी आई म्हणाली, हो बाळा. काय करणार होती ती? इतक्या दिवसांनी आवाज ऐकला तुझा. नंतर मी तिला म्हटलं, वहिनी, अहो, खरं काय ते सांगा तिला. तर म्हणाली, बोलतेय ना, बोलू दे. काय बोलतेय ते नंतर बघू.” काकूंनी बाल्कनीकडे पाहिलं. “मग ते नंतर राहूनच गेलं असेल.”

निघताना काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “तू नसतीस तर ती गेली होती,” म्हणाल्या. अनुयाने वाकून नमस्कार केला. लिफ्टच्या आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि तिने तो नीट पाहिला, शिकवताना फळ्यावरच्या आकृतीकडे बघावं तसा. नाक, चष्मा, हनुवटीवरचा तीळ. काकूंनी जे सांगितलं ते फार चांगलं होतं, हे तिला कळत होतं. लाटणं घेऊन पळणारी मुलगी ही बुडणाऱ्या मुलीपेक्षा कितीतरी मोठी होती. बुडणाऱ्याला काही करावं लागत नाही. पण ती मुलगी तिला कुठेच सापडत नव्हती. हातातल्या लाटण्याचं वजन, तळपायाला टोचणारे खडे, मागे वळून बघताना मानेला बसणारा ताण, यातलं काहीच नव्हतं. कुणीतरी वर्तमानपत्रातलं वाचून दाखवावं आणि आपण म्हणावं, शाबास, तसं तिला त्या मुलीबद्दल वाटत होतं. आणि जिचं सगळं आठवत होतं, हिरवा उजेड, शांतता, टाळूची कळ, ती मुलगी दुसऱ्याची निघाली होती. मुलांना ती शिकवायची की आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नसते, दर वेळी काढताना ती आपण नव्याने बनवतो, आजूबाजूला जे मिळेल ते घालून, आणि ऐकलेलं कोणतं नि घडलेलं कोणतं ही खूण आधी पुसली जाते. परीक्षेला यावर हमखास प्रश्न असायचा. तिने कित्येक उत्तरं तपासली होती. तळमजला आला, दार उघडलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या बाईने “येताय ना?” असं विचारेपर्यंत ती आतच होती.

घरी तिचा नवरा विश्वजीत टीव्हीसमोर बनियनवर बसला होता. तळोज्याच्या एका कंपनीत तो गुणवत्ता खात्यात होता. आठवडाभर कपड्यांना येणारा तो आंबूस वास रविवारीही त्याच्या आसपास थोडा असायचा. तिने पर्स ठेवली आणि म्हणाली, “तळ्यात मी पडले नव्हते.”

“कुठल्या तळ्यात?”

“त्याच. किशू पडली होती.”

त्याने आवाज कमी केला. ती सांगत गेली, तो ऐकत गेला. मधे एकदा त्याने “लाटणं?” असं विचारलं. मग म्हणाला, “चांगलंच आहे की. वाचलात ना दोघी.” तो थोडं हसला. “मग मी लग्न कुणाशी केलं? पहिल्या भेटीत तू मला तेच सांगितलं होतंस. मी घरी जाऊन आईला म्हटलं होतं, मुलगी घाबरणारी नाही, हीच करायची.” तो गमतीने म्हणत होता, आणि तिलाही त्यात गंमत दिसत होती. तिने हसायचं ठरवलं आणि ती हसली. रात्रीच्या भाजीसाठी लसूण सोलताना तिला जाणवलं की आपण हसायचं आधी ठरवतो आहोत. सोमवारी हजेरी घेतानाही तसंच. अनुया आता उजवा पाय टाकेल, अनुया आता खडू उचलेल. सगळं वेळेवर होत होतं. कुणाला काही कळलं नाही.

बुधवारी नेमकं ‘स्व’चं प्रकरण होतं. तिने पुस्तकातलं वाचून दाखवलं, फळ्यावर दोन शब्द लिहिले, व्याख्या सांगितली. टेबलाला टेकायची वेळ आली तेव्हा ती खुर्चीवर बसली. दुसऱ्या बाकावरची प्राजक्ता, जिची मोठी बहीण दोनतीन वर्षांपूर्वी याच वर्गात होती, म्हणाली, “मॅम, तुम्ही ते तळ्याचं सांगता ना? माझी ताई म्हणाली होती, ते ऐकच.” वर्ग तिच्याकडे बघत होता. पंखा फिरत होता. अनुयाने मनात वाक्य जुळवलं. लहानपणी मी. ते पुढे गेलं नाही. “ते माझ्या बहिणीचं आहे,” ती म्हणाली. प्राजक्ताला वाटलं मॅम आणखी काही बोलतील. मॅमनी वह्या काढायला सांगितलं. तास संपायला बराच वेळ होता, तो तिने प्रश्नोत्तरं उतरवून देण्यात घालवला. लिहिताना मुलांच्या वाकलेल्या माना बघत असताना तिच्या मनात आलं, यातल्या प्रत्येकाकडे एकेक असेल. ज्याच्यावर तो उभा आहे असं काहीतरी. आणि ते त्याचंच आहे का, हे सांगू शकणारं एखादं माणूस कुठेतरी खारघरला, कुठेतरी बाल्कनीत, चहा पीत बसलेलं असेल.

शनिवारी सेंटरवर गर्दी होती. किशोरीला त्यांनी झगा आणि गोळी दिली होती आणि गोळीचा अंमल चढायची वाट बघत दोघी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. समोर एक म्हातारे गृहस्थ स्वतःच्या एक्स-रेचं पाकीट पोटाशी धरून झोपले होते. अनुया म्हणाली, “मी शोभाकाकूंकडे गेले होते.”

किशोरीने समोरच बघत विचारलं, “कशा आहेत?”

“बऱ्या आहेत. त्यांनी सांगितलं.”

हाताला मुंग्या येत असाव्यात, किशोरी तळवा चोळत होती.

“का नाही बोललीस कधी?” अनुयाने विचारलं. रागाने नाही. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

“आईने सांगितलं होतं. ताई बोलायला लागलीय, आता तू काही बोलू नकोस. मग मी नाही बोलले.” ती पुन्हा तळवा चोळू लागली. “मोठेपणी वाटायचं, सांगावं. पण तू इतकं छान सांगायचीस ते. मलाच वाटायला लागायचं, असंच झालं असेल. ताईला माहीत असेल.”

“आणि मी तुला हसायचे.”

“हो,” किशोरी म्हणाली. हा हो वेगळा होता. सावकाश आला आणि तिथेच राहिला. “ते लागायचं मला. खूप लागायचं, ताई.”

अनुयाने मान हलवली. काहीतरी म्हणायला हवं होतं. चुकलं माझं, असं ती म्हणू शकली असती, आणि किशोरीने लगेच, जाऊ दे गं, म्हटलं असतं. तिने विचारलं, “आत काय होतं?”

“कुठे?”

“पाण्यात. तुला काय आठवतं?”

इतक्या वर्षांत हे किशोरीला कुणी विचारलं नव्हतं. गोळीने तिचे डोळे जड झाले होते. “काळोख,” ती म्हणाली. “गढूळ, काळं. नाकात पाणी गेलेलं, आग आग होत होती. आणि आवाज. केवढा आवाज होता, माझाच असेल. शांत वगैरे काही नव्हतं तिथे. तू सांगायचीस तो हिरवा उजेड, तो नव्हताच.”

“मग तो कुठला?”

“तू पायरीवर होतीस ना. वरून तसं दिसत असेल.”

नर्स दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारत होती. अनुया डोळे मिटून पायरीवर उभी राहून बघू लागली. ऊन, उंबराची सावली, पाण्याचा हिरवा पत्रा. त्याखाली काहीतरी हलतंय. आवाज नाही. ती किती वेळ तिथे उभी होती, पळण्याआधी, ते कळायला मार्ग नव्हता. ती शांतता पाण्यातली नव्हती एवढंच आता नक्की होतं.

“एक तुला माहीत नसेल,” ती डोळे न उघडता म्हणाली. “काकूंना मी आणलं. लाटणं पळवून.” आणि तिने सगळं सांगितलं, काकूंनी सांगितलं तसं. किशोरी ऐकता ऐकता हसायला लागली, मग हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते झग्याच्या बाहीने पुसलं. “मला वाटायचं काकू आपल्या आल्या होत्या कपडे धुवायला,” ती म्हणाली. “तू आणलंस. तू आणलंस मला कुणी सांगितलंच नाही. त्या गोष्टीचं नावच काढायचं नाही ना घरात. तुला आठवतं ते, ताई?”

“नाही.”

“थोडंसुद्धा?”

“काहीच नाही. दुसऱ्या कुणाचं ऐकल्यासारखं वाटतं.”

किशोरीने तिच्याकडे पाहिलं आणि चोळत असलेला आपला हात तिच्या मांडीवर ठेवला. तेवढ्यात नाव पुकारलं गेलं.

आत जाण्याआधी टेक्निशियनने अनुयालाही सगळं काढून ठेवायला सांगितलं. मंगळसूत्र, बांगड्या, घड्याळ, केसांतल्या पिना, चष्मा. पोटात, हृदयात काही बसवलेलं नाही ना, विचारलं. कानात घालायला स्पंजचे बोळे दिले. खोली थंड होती. चष्म्याशिवाय ते यंत्र एखाद्या मोठ्या पांढऱ्या माठासारखं दिसत होतं. किशोरीला सरकत्या फळीवर आडवं केलं, डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं, हातात रबरी फुगा दिला. “तुम्ही इथे पायाशी बसा,” टेक्निशियन म्हणाला. “पाय धरलात तरी चालेल, फक्त हलवू नका.” फळी आत सरकली. किशोरीचं डोकं गेलं, खांदे गेले, पोट गेलं, आणि बाहेर गुडघ्यांपासून खालचे पाय तेवढे राहिले, निळ्या झग्याखाली, टाचांना भेगा पडलेले. अनुयाने डावा घोटा धरला.

मग आवाज सुरू झाला. बोळ्यांतूनही तो हाडांत शिरत होता, ठोकल्यासारखा, मधेच करवतीसारखा, मधेच एकदम बंद. बंद झाला की अनुयाला फुग्याची आठवण यायची. आता दाबेल. किशोरीच्या पायाची बोटं आवळली जायची, सुटायची. एकदा सगळा पाय थरथरला आणि अनुयाने दुसऱ्या हाताने पाऊलही धरलं. तिला बोलावंसं वाटलं, मी इथे आहे, असं काहीतरी, पण त्या आवाजात ते ऐकू गेलं नसतं, आणि ती नुसती बसून राहिली. लाटणं पळवणारी मुलगी आत्ता तरी येईल, असं तिला कुठेतरी वाटत होतं. ती आली नाही. भिंतीवर कसलंसं चित्र होतं, ते धूसर दिसत होतं. आतली कोण, बाहेरची कोण, कुणाचा घोटा, कुणाचा हात, हे ती सावकाश, एकेक करून, मनाशी नीट लावत राहिली. आत किशू. बाहेर मी. पुन्हा ठोकायला लागलं की ते सुटायचं आणि ती पुन्हा पहिल्यापासून लावायची.

आवाज थांबला तेव्हा तिला तो थांबला आहे हे कळायला वेळ लागला. फळी बाहेर आली. टेक्निशियनने पिंजरा काढला आणि म्हणाला, “झालं. छान राहिलात.” किशोरी छताकडे बघत पडून होती. फुगा तिने छातीशी धरला होता, दाबला नव्हता. मग ती कोपरावर टेकून उठली. चेहऱ्यावर पिंजऱ्याच्या पट्टीचा वळ होता.

“सोड आता, ताई,” ती म्हणाली.

अनुयाने सोडायचं ठरवलं. नेहमीप्रमाणे आधी ठरवलं आणि बोटांची वाट पाहिली. बोटं उघडली नाहीत. ती पांढरी पडली होती, घोट्याभोवती घट्ट, आणि त्यांच्याकडे बघत असताना तिला कळलं की हे आपण ठरवलेलं नाही. “सुटत नाहीये,” ती म्हणाली. किशोरीने पाय मागे घेतला नाही. ती पुढे सरकून बसली आणि एकेक बोट हळूहळू उचलून सोडवू लागली, अंगठा, मग पहिलं, मग मधलं, आणि टेक्निशियन दार धरून दोघींची वाट बघत उभा राहिला.